बाळाला लावू चांगली सवय

मूल पहिले पाऊल टाकते. आजी ते शेजारीपाजारी सांगून येते. मूल पहिला शब्द बोलते. सगळे घर गोळा होते. पण मूल आणखी एक मोठी गोष्ट शिकते. ती मात्र कोणी कोणाला सांगत नाही. एके दिवशी मूल धावत येते आणि म्हणते, "आई, शी आली." चड्डी भरायच्या आधी म्हणते, बरे का! ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या दिवशी मूल आपले शरीर ओळखू लागले.

या धड्यात आपण ह्याच गोष्टीविषयी बोलू. मुलाने परसाकडे कुठे बसावे, कसे धुवावे, हात कसे स्वच्छ करावेत, हे त्याला कसे शिकवावे ते पाहू. विषय लाजेचा वाटेल. पण ज्या गोष्टीची आपण लाज धरतो, तीच नेमकी शिकवायची राहून जाते.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. पहिलीत येणारी पोरे पाहिली. एखादे पोर गुरुजींना सांगायला लाजे, आणि तसेच आवळून बसे. एखादे संडासातल्या अंधाराला भिई. एखादी पोरगी दिवसभर पाणीच पीत नसे. पाणी प्यायले तर उठावे लागेल ना! अशा पोराचे लक्ष फळ्यावर कसे राहील? ही भीती शाळेत जन्मलेली नसते. ती दोन-तीन वर्षांच्या वयात मनात बसलेली असते. आणि चांगली सवय बसते, तीही त्याच वयात.

लेकराची शी निर्दोष नसते

पुष्कळ घरांत म्हणतात, "लेकराची शी ती काय! तिने कोणाला काय होते?" मग ती अंगणाच्या कडेला टाकतात, नाहीतर उकिरड्यावर. कुठे कुठे कुत्र्याला हाक मारतात. हे चूक आहे. मोठ्या माणसाच्या शीत रोगजंतू असतात, तसेच लहान मुलाच्या शीतही असतात. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू शीतून बाहेर पडतात. पोलिओचे जंतूही असेच पसरत. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ सालच्या जानेवारीत सापडला. घरोघरी डोस पाजले, तेव्हा तो रोग हटला. जुलाब मात्र अजून हटलेला नाही.

हे जंतू तोंडापर्यंत जातात कसे? वाट सरळ आहे. उघड्यावरच्या शीवर माशी बसते. तीच माशी भाकरीवर बसते. पावसाचे पाणी शी ओढ्यात नेते, विहिरीत नेते. अंगणात रांगणारे मूल मातीत हात घालते, आणि तोच हात तोंडात घालते. आई बाळाला धुते, हात नुसता पदराला पुसते, आणि कणीक मळायला बसते. झाले! जंतू घरभर पोचले.

जंताचेही तसेच. गोल जंताची अंडी शीतून मातीत जातात आणि महिनोन्‌महिने मातीत टिकतात. ती नखांत अडकतात. आकड्याचा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. जंत झालेल्या मुलाने कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. म्हणून २०१५ सालापासून १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन पाळतात. अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी फुकट मिळते. ती मुलाला जरूर द्यावी. पण नुसत्या गोळीने भागत नाही. हात आणि जागा स्वच्छ नसेल, तर जंत पुन्हा होतात.

म्हणून बाळाची शी संडासातच टाकावी. लंगोट धुतलेले पाणीही संडासात ओतावे. विहिरीजवळ, नळाजवळ लंगोट धुऊ नयेत.

कधी सुरुवात करावी?

शेजारणीचे पोर दीड वर्षाचे असून सांगते, आमचे अडीच वर्षांचे झाले तरी सांगत नाही, असे म्हणून आया चिंता करतात. चिंता करू नये. सगळी जोंधळ्याची कणसे एकाच दिवशी भरत नाहीत. मुलांचेही तसेच असते. बहुतेक मुले दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात.

मूल तयार झाले हे ओळखायच्या खुणा अशा. त्याची चड्डी दोन-दोन तास कोरडी राहते. शी यायच्या वेळी ते कोपरा धरते, थांबते, तोंड लाल करते. त्याला 'ये', 'बस', 'दे' हे कळते. ते आपल्या पायांवर उकिडवे बसू शकते. ओली चड्डी झाली की त्याला नकोसे वाटते. ह्या खुणा दिसल्या की शिकवायला लागावे. त्याआधी घाई करून काही साधत नाही.

रात्रीची गोष्ट निराळी. दिवसा सांगणारे मूलही रात्री अंथरूण ओले करते. पाच वर्षांपर्यंत हे चालायचेच. मूल मुद्दाम करीत नाही. ते झोपेत असते. त्याला चारचौघांत हसू नये. निजण्यापूर्वी एकदा लघवीला न्यावे, एवढे पुरे.

कसे शिकवावे?

पहिली गोष्ट, वेळ ठरवावी. पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात. म्हणून सकाळी उठल्यावर आणि खाणे झाल्यावर थोड्या वेळाने मुलाला बसवावे. पाच मिनिटे बसवावे. झाली तर झाली. नाही झाली तर उठू द्यावे. तासभर कोंडून बसवू नये.

दुसरी गोष्ट, जागा ठरवावी. लहान मुलासाठी शीचे छोटे भांडे मिळते. ते घरात एकाच जागी ठेवावे. रोजची जागा ओळखीची होते. मूल मोठे झाले की संडासात न्यावे. संडासाचे भांडे मोठ्या माणसाच्या मापाचे असते. पोराला वाटते, आपण त्या भोकात पडू. त्याची भीती खरी आहे. तिला हसू नये. पहिले काही दिवस आईने किंवा बापाने त्याचा हात धरून उभे राहावे. दार उघडे ठेवावे. आत उजेड असावा. भीती जाईपर्यंत धीर धरावा.

तिसरी गोष्ट, कपडा सोपा असावा. नाडीची गाठ पोराला सुटत नाही. गाठ सुटेपर्यंत काम होऊन जाते! इलॅस्टिकची सैल चड्डी घालावी. ती मुलाला आपली आपण खाली करता येते आणि वर घेता येते.

चौथी गोष्ट, शब्द ठरवावा. आई 'शी' म्हणते, आजी 'परसाकडे' म्हणते, ताई तिसरेच काही म्हणते. पोर गोंधळते. घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा, आणि तोच अंगणवाडीच्या ताईलाही सांगून ठेवावा.

पाचवी गोष्ट, धुणे शिकवावे. सुरुवातीला मोठ्यांनी धुवावे. मग मुलाच्या हाताला आपला हात लावून धुवावे. मग त्याला एकट्याला करू द्यावे आणि आपण पाहावे. मुलींना एक गोष्ट आवर्जून शिकवावी. धुताना हात पुढून मागे न्यावा. मागून पुढे आणला, तर शीतले जंतू लघवीच्या वाटेत जातात आणि लघवीला जळजळ होते.

आणि हे काम एकट्या आईचे नव्हे. बापाने लेकराला धुतले तर बापाचा मान कमी होत नाही. उलट मुलाला दिसते की स्वच्छता हे सर्वांचे काम आहे.

मारू नका, हिणवू नका

एका घरातली गोष्ट घ्या. अशी घरे प्रत्येक गावात असतात. तीन वर्षांच्या नातवाने ओसरीवर शी केली. सून हात उगारून धावली. तेवढ्यात सासूने तिला थांबवले.

"अगं, मारू नको त्याला."

"आत्याबाई, रोजचंच झालंय हे! आत्ताच सारवलं होतं मी."

"खरं आहे बाई. पण मारलंस, तर उद्या काय करील ते?"

"काय करील?"

"उद्या ते कणगीमागं लपून करील. नाहीतर दिवसभर दाबून धरील. त्याला वाटंल, शी करणं हाच गुन्हा. कुठं करावी हे त्याला कुठं कळलं अजून?"

सासूने पोराला जवळ घेतले. "बाळा, शी इथं नाही, तिथं करायची. चल, दाखवते." ती शी तिने त्याच्या देखत संडासात टाकली. त्याला धुतले. आपले हात साबणाने धुतले, त्याचेही धुतले. ओरडा नाही, रडारड नाही.

आजीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण त्यांचे म्हणणे डॉक्टरही मान्य करतील. भ्यालेले मूल शी दाबून धरते. दाबलेली शी कडक होते. कडक शी होताना दुखते. दुखले की मूल पुढच्या वेळी जास्तच दाबून धरते. असे चक्र सुरू होते. मग पोट फुगते, भूक मरते, पोर किरकिरे होते. अशा मुलाला पाणी भरपूर पाजावे. पालेभाजी, डाळ, केळी, पपई द्यावी. तरी खडा होतच राहिला, किंवा शीत रक्त दिसले, तर दवाखान्यात न्यावे.

मुलाने वेळेवर सांगितले, तर "शहाणा माझा बाळ!" एवढे म्हणावे. रोज गोळ्या-बिस्किटांचे आमिष दाखवू नये. आईच्या तोंडचा एक चांगला शब्द त्याला पुरतो.

हात धुणे

आता सर्वांत मोठी गोष्ट. परसाकडून आल्यावर आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने हात ओले होतात, जंतू जात नाहीत. साबण संपला असेल, तर चुलीतली स्वच्छ राख चालते. अंगणातली माती मात्र घेऊ नये. तिच्यातच जंताची अंडी असायची!

हात असे धुवावेत. आधी हात ओले करावेत. साबण लावावा. तळहातावर तळहात चोळावा. मग हातांची पाठ. मग बोटांच्या बेचक्या. मग अंगठे. मग नखे तळहातावर घासावीत. मनात सावकाश वीस आकडे मोजेपर्यंत चोळावे. मग वाहत्या पाण्याने धुवावे. पोराकडून आकडे मोठ्याने म्हणून घ्यावेत. हात स्वच्छ होतात आणि अंकही पाठ होतात!

बादलीत सगळ्यांनी हात बुडवू नयेत. तांब्याने वरून पाणी घालावे. नळ नसेल तर सोपी युक्ती आहे. पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्याला वरच्या बाजूला एक लहान भोक पाडावे. डबा आडव्या काठीला टांगावा. डब्याच्या तोंडाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीलगतच्या काठीला बांधावे. त्या काठीवर पाय दिला की डबा कलतो आणि भोकातून धार पडते. साबणाची वडी शेजारी दोरीला टांगावी. डबा मुलाच्या उंचीला टांगला, म्हणजे पोर आपले आपण हात धुते. थोड्या पाण्यात सगळ्यांचे हात धुऊन होतात.

हात धुतल्यावर सगळ्यांनी एकाच मळक्या फडक्याला पुसू नयेत. हात झटकून वाऱ्यावर वाळवावेत, नाहीतर प्रत्येकाचे फडके वेगळे असावे. आठवड्यातून एकदा मुलाची नखे कापावीत. संडासाला जाताना पायांत चप्पल असावी.

अंगणवाडीत

अंगणवाडी हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातल्या बाईंचे कष्ट आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. म्हणून ती अंगणवाडी! हात धुणे, आपले कपडे आपण घालणे हेही मुलाचे शिक्षणच आहे, असे बालशिक्षणाच्या ह्या नव्या पद्धतीत मानतात. पुढे १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी देशभर गेली.

आता घरी एक रीत आणि अंगणवाडीत दुसरी, असे झाले तर मूल काय शिकेल? घरी साबणाने हात धुतात आणि अंगणवाडीत तसेच खाऊ देतात, तर मूल घरचे विसरते. अंगणवाडीत ताई संडासात बसवते आणि घरी आई म्हणते, "जा रे मागं, बस तिकडं," तर मूल ताईचे विसरते. बैलगाडीची दोन चाके एकाच वाटेने चालावी लागतात. इथेही तसेच आहे.

म्हणून आईबापांनी महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत जाऊन पाहावे. संडास आहे काय? त्यात पाणी आहे काय? दार आतून अडकून मूल कोंडले जाईल अशी कडी तर नाही ना? खाण्याआधी सगळ्या मुलांचे हात साबणाने धुतात काय? मदतनीसबाई मुलांना धुतात, त्यानंतर स्वतःचे हात धुतात काय? नसेल तर भांडू नये. ताईला काय कमी पडते ते विचारावे. साबण नसेल तर दोन-चार घरांनी मिळून द्यावा. पाणी नसेल तर ग्रामपंचायतीत बोलावे, ग्रामसभेत उठून सांगावे. आता तुम्हाला लिहिता येते. मग अर्जही लिहावा.

मुलासोबत एक जास्तीची चड्डी द्यावी. चड्डी ओली झाली तर ताईने ती गुपचूप बदलावी. दहा पोरांत त्याला उभे करू नये.

आणखी एक गोष्ट मुलाला घरीच शिकवावी. आपले अंग धुवायला आई, बाबा, आजी किंवा ताई मदत करतात. दुसऱ्या कोणी तिथे हात लावला, किंवा कोणाच्याही हात लावण्याने वाईट वाटले, तर लगेच येऊन आईला सांगायचे. सांगणाऱ्या मुलाला रागवायचे नाही.

जिवाला जपा

मोरीत, संडासात पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये. लहान मूल तोल जाऊन बादलीतही बुडते. फिनेल, ॲसिड उंच फळीवर ठेवावे. सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. पोर सरबत समजून पिते.

मुलाला दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ पाण्यासारखी शी झाली, तर तो जुलाब समजावा. जुलाबात मूल मरते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ते भरून काढायचे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पुष्कळांचे प्राण वाचवले. तेच औषध आज ओ.आर.एस.च्या पुडीत मिळते. आशाताईकडे, अंगणवाडीत, दवाखान्यात ती पुडी मिळते.

पुडीवर लिहिलेले वाचावे. आता तुम्हाला वाचता येते! एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात सगळी घालावी. अर्धी पुडी घालू नये. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. केलेले पाणी एका दिवसात संपवावे. उरले तर टाकून द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, लघवी होईना, किंवा शीत रक्त आले, तर वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

आधी करावे, मग सांगावे

संत गाडगेबाबा गावात येत ते हातात झाडू घेऊनच. आधी गाव झाडत. मग रात्री कीर्तनात स्वच्छता सांगत. लोकांनी त्यांचे ऐकले, कारण आधी झाडताना पाहिले होते. लहान मूलही तसेच आहे. बाप टमरेल घेऊन शेतात जातो आणि पोराला म्हणतो, "संडासात बस." पोर कशाला ऐकेल? आई हात न धुता ताटावर बसते आणि पोराला म्हणते, "हात धू." पोर आईचा शब्द ऐकत नाही, आईचा हात पाहते.

म्हणून मंडळी, आजपासून घरातल्या मोठ्यांनी सुरुवात करावी. साबण समोर ठेवावा. पोराला शेजारी उभे करावे. आपण हात धुवावेत, त्याला धुऊ द्यावेत. आज पाणी सांडेल, साबण निसटेल, उशीर होईल. होऊ द्यावा. थोड्या दिवसांनी तेच पोर तुम्हाला विचारील, "बाबा, हात धुतले का?" तेव्हा समजावे की सवय लागली.

उत्तरे सांगा

१. बाळाची शी कुठे टाकावी? का?
२. मूल शिकायला तयार झाले, हे कोणत्या खुणांवरून ओळखावे?
३. शी दाबून धरली तर काय होते?
४. मुलींना धुण्याविषयी काय शिकवावे?
५. ओ.आर.एस.चे पाणी कसे करावे?

करून पाहा

१. टांगत्या डब्याचा नळ घरी तयार करा.
२. तुमच्या गावच्या अंगणवाडीत जा. तिथे साबण, पाणी आणि संडास आहे का ते पाहा. नसेल तर ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहा.